चुलीपुढचं नाव

सरकारबद्दल माझ्या तोंडून बरा शब्द निघाला, तर आमच्या हा-लेतुका गावातले लोक आभाळाकडे बघतात, गारा पडणार की काय म्हणून. माझं नाव पोत्लाको, म्हणजे घाई. आई शेतातून घरी पोहोचायच्या आत मी जन्मलो, म्हणून हे नाव. पुढं आयुष्यात एकही गोष्ट मी घाईनं केली नाही, आणि सरकारवर विश्वास ठेवायला तर मला साठ वर्षं लागली. पण तुम्ही म्मे मादिनेओबद्दल विचारलंत, आणि तिची गोष्ट सरकारला वगळून सांगता येत नाही. मी तसं करून पाहिलंय, जमत नाही.

तिला म्मे म्हणतो, पण ती काही माझी आई नव्हे. वयानं माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. माझा दोस्त सेआबाता, त्याची ती बायको. लग्न होऊन इथं आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आमच्यात नव्या सुनेला सासरचे नाव देतात, आणि तेही कुणाची तरी आई म्हणून. मूल पुढं व्हायचं तेव्हा होवो, आईचं नाव आधीच तयार. तिला मिळालं मादिनेओ, दिनेओची आई. दिनेओ म्हणजे भेटी. देवानं आपण होऊन हातावर ठेवलेल्या.

दुसऱ्याच वर्षी पोर झाली. गुबगुबीत, कुणाकडेही जाणारी. पाच महिन्यांची असताना, नाताळानंतर, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळ्यात, नदी फुगलेली होती तेव्हा तिला ताप भरला. मी खाणीतून सुट्टीवर आलो होतो. माझ्या बापाचा घोडा घेऊन आम्ही काठावर गेलो. मी लगाम धरून उभा, म्मे पोरीला ब्लँकेटमध्ये पाठीशी बांधून बसलेली. नदी तांबडी, झाडंच्या झाडं वाहून नेत होती. पलीकडे दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. इतकं जवळ, की ऊन पडलं की डोळे दिपायचे. तीन दिवस आम्ही तिथं बसलो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, पण तोवर पलीकडे जायचं कारण उरलं नव्हतं.

त्यानंतर तिला मूल झालं नाही. चार वर्षांनी सेआबाताही खाणीत दरडीखाली गेला. आणि गाव तिला दिवसातून पन्नास वेळा हाक मारत राहिलं, दिनेओची आई, दिनेओची आई. दुसरं नावच नव्हतं ना तिला. तिनं त्यावरून कधी कुणाला टोकलं नाही. गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. इथल्या प्रत्येक बाईला अक्षरओळख तिनं करून दिली. पुरुषांना नाही, कारण आम्ही सगळे लहानपणी मेंढ्यांमागे. मला आजही वाचता येत नाही. लाज वाटत नाही, पण राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

खाणवाल्यांनी आम्हाला घरी पाठवलं तेव्हा मी एक ट्रंक, एक जाड ब्लँकेट आणि आयुष्यभराचा खोकला घेऊन परत आलो. दोन घोडे होते. त्यांच्यावर बसवून मी लोकांना डोंगर दाखवला असता, अधूनमधून गोरे लोक वाट चुकून यायचेही. पण त्या वेळचा कायदा ऐका. पाहुणा ठेवायचा तर विटांची भिंत हवी, नळाचं पाणी हवं, घरातच संडास हवा, आणि पाहुण्याची गाडी उभी करायला जागा हवी. आमच्या गावात गाडी येतच नाही हो. नदीपाशी वाट संपते. म्हणजे ज्या गावात गाडी येऊ शकत नाही, तिथं गाडीला जागा का नाही, म्हणून तुम्ही नापास. एकदा मी भिजून काकडलेल्या एका नवरा-बायकोला घरात घेतलं, सकाळी गरम आंबील पाजली, तर महिन्यानं पोलीस येऊन मला परवाना विचारून गेला. त्या दिवसांत जिल्ह्याच्या गावात एक हॉटेल चाले आणि परदेशी लोक त्याच्या खिडकीतून आमचे डोंगर बघत.

मग नवं धोरण आलं. चावडीपुढं सभा भरली, एक साहेब कागद घेऊन आला. म्हणाला, आता गोल झोपडी चालेल. गवताचं छप्पर चालेल. शेणानं सारवलेली जमीन चालेल. सरकार पाच दिवस शिकवेल, दोन पलंग देईल, नकाशात गावाचं नाव घालेल. आणि ज्या गावात दोन वर्षांत साठ परके पाहुणे मुक्काम करतील, ते गाव कायमच्या यादीत जाईल, आणि यादीतल्या गावाला वाट आणि पूल मिळेल.

मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "साहेब, विमानाचे पैसे खर्चून शेणावर झोपायला कोण येणार? शेण त्यांच्याकडं नाही का?"

सगळी सभा हसली. साहेबही हसला, बिचारा. म्मे मादिनेओ तेवढी हसली नाही. मागच्या ओळीत उभी राहिली, हातातली काठी टेकून. "पूल म्हणालात. कुठं बांधणार?"

साहेबानं कागद चाळले. "जिथं गाव म्हणेल तिथं, म्मे."

"मग माझं नाव लिहा," ती म्हणाली.

घरी जाताना मी तिला म्हटलं, "म्मे, म्हातारपणी हॉटेल काढतेस होय?" तर म्हणते, "तू घोडे धुवून ठेव. तुझ्या अंगाला वास येतो तो घोड्यांचा की तुझा, ते एकदा कळू दे." ही अशी ती.

पाच दिवस शिकून आली. येताना चादरी, पाणी उकळायचं मोठं भांडं आणि निळ्या पुठ्ठ्याची एक नोंदवही घेऊन आली. नोंदवहीत रकाने: तारीख, पाहुण्याचं नाव, मुक्कामाचे दिवस. दर तीन महिन्यांनी पानाची नक्कल काढून राजधानीत पाठवायची. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात तो. पोस्टातला कारकून म्हणायचा, म्मेचं अक्षर बघितलं की छापील कागद गबाळा वाटतो.

आणि काय सांगू, लोक आले. पहिल्या वर्षी थोडे, मग जास्त. मी नदीपलीकडून, गाडीरस्ता संपतो तिथून, घोड्यावर बसवून त्यांना आणायचो. पाणी कमी असलं की उतारानं, थोडं वाढलं तर दोन तासांच्या वळशानं, आणि नदी फुगली की कुठूनच नाही. संध्याकाळी ते चुलीपुढं गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, चिरलेल्या पाल्याची भाजी, रविवारी कोंबडी. पण वाढायच्या आधी म्मेचा एक नियम. बिननावाच्या माणसाला ती वाढत नसे.

म्हणजे त्यांना नावं असत, पण ती त्यांच्या देशात चालणारी. चुलीपुढं बसायचं तर घरातलं नाव हवं. पाऊस घेऊन आलेल्या मुलीला तिनं पुलाने म्हटलं. सारखी भांडणाऱ्या एका जोडप्यातल्या नवऱ्याला खोत्सो, म्हणजे शांतता, आणि खरंच सांगतो, ती दोघं जाताना हातात हात घालून गेली. एक लांबलचक तरणा माझ्या धाकट्या घोडीवरून दिवसात तीनदा पडला. मी सुचवलं, ह्याला बटाट्याचं पोतं म्हण. तिनं मोहाउ म्हटलं, दया. म्हणाली, "घोडीला तरी त्याची दया येऊ दे."

ती माणसं त्या नावानं खुळावून जायची. एक बाई, आमच्या म्मेच्याच वयाची, नाव मिळाल्यावर रडायलाच लागली. म्हणाली, माझं नाव घेऊन हाक मारणारं माझ्या घरी आता कुणी नाही. मी घोड्यांकडे बघायचं निमित्त करून बाहेर गेलो.

एक नाव मात्र म्मेनं कुणाला दिलं नाही. मी विचारलंही नाही. सांगतो ना, मी घाई करत नाही.

दोन वर्षं भरत आली तेव्हा राजधानीतून पत्र आलं. म्मेनं ते मला वाचून दाखवलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. लिहिलं होतं, हा-लेतुका गावानं दोन वर्षांत एकही परका पाहुणा दाखवलेला नाही. नोंदवहीतली सगळी नावं स्थानिक आहेत. ही घरची माणसं पाहुणे म्हणून दाखवलेली दिसतात. तपासणीसाठी अधिकारी येईल. खुलासा पटला नाही तर गावाचं नाव कायमच्या यादीत जाणार नाही.

"म्मे, तू नोंदवहीत काय लिहिलंस?" मी विचारलं.

"नावं लिहिली."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? त्यांची. मोहाउ, पुलाने, खोत्सो, नालेदी." ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच वेडा. "रकान्यात नाव विचारलंय, मी नाव लिहिलं."

अहो, यात तिची काय चूक? तिचं स्वतःचं जन्मनाव कुणाला ठाऊक आहे? मलाही नाही. घर तुम्हाला ज्या नावानं हाक मारतं तेच नाव, ही आमची रीत. राजधानीतल्या लोकांचीही तीच रीत, तेही आमच्यातलेच. पण टेबलापलीकडे बसलं की माणूस रीत विसरतो आणि रकाना वाचतो.

मी हसायला गेलो, पण तेवढ्यात तिचं तोंड बघितलं. ती दारातून नदीकडे बघत होती. चाळीस वर्षांत मी तिला तसं बसलेलं एकदाच बघितलं होतं.

"माझ्या हातानं घालवला मी पूल," ती म्हणाली. "चांगल्या अक्षरात लिहून घालवला."

तपासणीला एक तरुण पोरगी आली. शहरी बूट, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल, आणि घोड्यावर अशी बसलेली की फाईल सांभाळली तरी पुरे, मग मी पडले तरी चालेल. वाटेत तोंड उघडेना. शेवटी मीच नाव विचारलं.

"मात्लाकाला," ती म्हणाली, आणि मान ताठ केली. मी हसतो की काय, त्याची तयारी होती ती.

मात्लाकाला म्हणजे केरकचरा. मी हसलो नाही. "तुझ्या आधीची किती गेली?" एवढंच विचारलं.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "दोन."

लागोपाठ मुलं दगावली की पुढच्याचं नाव असं ठेवतात, मरणाला वाटावं, हे काय उचलायचं, राहू दे. तिला शाळेत पोरांनी किती छळलं असेल, ते मी न सांगताही कळतं तुम्हाला.

म्मेच्या दारात ती घोड्यावरून उतरली, म्हणजे जवळजवळ पडलीच. म्हणाली, "म्मे, मी जेवायला आलेले नाही. तपासणीला आलेय."

"उपाशीपोटी तपासावं, असं लिहिलंय का कुठल्या नियमात?" म्मेनं विचारलं. पोरगी बसली आणि दोनदा वाढून घेतलंन.

मग नोंदवही उघडली. ती बोट फिरवत वाचत गेली. "थाबांग. नालेदी. मोहाउ. म्मे, ही सगळी आपलीच माणसं आहेत. खरं सांगा, तुमचे नातेवाईक ना हे?"

"होय," म्मे म्हणाली. "आता नातेवाईकच."

मी कपाळावर हात मारला. बाई, तीस वर्षं शाळेत काढलीस, एक खोटं बोलायला शिकली नाहीस.

मग मी सगळं सांगितलं. चूल, नाव, वाढायचा नियम, सगळं. मात्लाकाला ऐकत राहिली. तिला हसू येत होतं आणि ते ती फाईलमागे लपवत होती. पण फाईल ती फाईलच. बापाच्या वयाच्या माणसाला म्हणतात तसं मला न्ताते म्हणत बोलली, "मला पटतंय, न्ताते. पण माझ्या पटण्यानं भागत नाही. त्यांची कागदावरची नावं सांगा, देश सांगा, काहीतरी पुरावा द्या. साठ माणसांचा."

म्मेला कागदावरचं एक नाव आठवेना. "त्या मोहाउचं नाव शिंक आल्यासारखं होतं," ती म्हणाली. तेवढंच.

तरी तिनं चहाचा जुना डबा काढला. त्यात पत्रं होती. परदेशी तिकिटं, रंगीत पाकिटं. आत सही मोहाउ, पुलाने, आणि पाकिटाच्या मागं त्यांची कागदावरची नावं नि पत्ते. मात्लाकालानं मोजली. तेवीस.

"सदतीस कमी," ती म्हणाली. ती फाईलमधले धोरणाचे कागद उलटायला लागली, पान, पान, पान. आणि एका पानावर थांबली. "इथं लिहिलंय, लेखी पुरावा नसेल तर गावप्रमुखासमोर प्रत्यक्ष साक्षीदाराचा जबाब चालेल. पण साक्षीदारानं प्रत्येक पाहुण्याची ओळख वेगळी पटवून द्यायला हवी." ती माझ्याकडे वळली. "न्ताते, प्रत्येकाला तुम्हीच आणलंत ना? काही लिहून ठेवलंय?"

"मला लिहिता येत नाही."

तिनं मान खाली घातली.

"पोरी, ऐक," मी म्हणालो, आणि मला खरंच राग आला होता. "मी सात वर्षांचा असल्यापासून दोनशे मेंढ्या सांभाळल्या. एकीलाही नाव नव्हतं, आकडा नव्हता. कळपात परकी एक घुसली तर मला डोळे मिटूनसुद्धा कळायचं. तू एकेक नाव वाच. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावप्रमुखाच्या गोठ्याच्या दगडी भिंतीवर आम्ही बसलो. प्रमुख खुर्चीत, अर्धं गाव भोवती. मात्लाकाला नाव वाचायची, मी सांगायचो. खोत्सो: टक्कल, उजव्या गुडघ्याला पट्टी, थोरल्या घोड्यावर, रिकीब दोन भोकं लांब करावी लागली, बायकोशी फ्रेंचमध्ये भांडायचा. नालेदी: डावखुरी, मांस खात नाही, तिच्या देशात म्हणे समुद्र जमिनीच्या वर असतो आणि लोक खाली राहतात. मात्लाकालानं डब्यातलं पाकीट उलटून बघितलं, हॉलंड. मान हलवून लिहिलं. मोहाउ: तीनदा पडला, हिरवी टोपी, जर्मन.

"पाकिटावर ऑस्ट्रिया आहे, न्ताते."

"मग पडून त्याच्या डोक्याला मार बसला असेल. मला म्हणाला होता, जर्मन बोलतो."

गाव हसलं, प्रमुख हसला. पण ज्यांची पत्रं होती ते तेवीसच्या तेवीस माझ्या सांगण्याशी जुळले, आणि मग बाकीच्यांवर तिला शंका घ्यायला जागा उरली नाही. ऊन डोक्यावर आलं, घसा कोरडा पडला, मी बोलतोच आहे. जन्मात कुणी माझं बोलणं लिहून घेतलं नव्हतं. खाणीत मला एक नंबर होता. इथं एक शिकलेली पोरगी माझा शब्द न् शब्द उतरवून घेत होती, मध्येच म्हणत होती, जरा सावकाश, न्ताते. तेव्हा मला जे वाटलं ते मी सांगायचं टाळतो, पण आज सांगतो. मला वाटलं, मीही काहीतरी शिकलेला माणूस आहे.

शेवटी दोन नावं आली. लेबो आणि त्सेलिसो. मी म्मेकडे बघितलं.

"हे कोण?" तिनं विचारलं.

म्मे मागून म्हणाली, "सांग, पोत्लाको."

"खोडा," मी म्हणालो. "म्मेच्या बहिणीचे मुलगे. फुकट राहिले आणि वर दोन कोंबड्या खाऊन गेले."

मात्लाकालानं ती खोडली. उरलेली मोजली. चौसष्ट. मग तिनं माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला आणि म्हणाली, "न्ताते, ती दोन नावं तुम्ही खोडायला लावलीत ना, तिथं माझी सगळी तपासणी संपली."

माझा जीव भांड्यात पडला. म्मे जागची हलली नाही, फक्त तिनं ब्लँकेट खांद्यावर ओढून घेतलं.

निघायच्या आधी मात्लाकाला चुलीपुढं येऊन उभी राहिली. लाजत म्हणाली, "म्मे, सगळ्यांना नाव दिलंत. मला एक द्या ना. चांगलंसं. हे माझं नाव मला कधी आवडलं नाही."

म्मेनं तिचे दोन्ही हात धरले. "नाही देणार. तुझ्या घरानं तुला लपवून ठेवलं, म्हणून तू आज माझ्यापुढं उभी आहेस. माझ्या पोरीला आमच्या घरानं फार सुंदर नाव दिलं होतं. सगळ्या जगानं बघावी अशी भेट म्हणून. लपवायचं आम्हाला सुचलंच नाही." मग म्हणाली, "तुझं नाव कुणी चिडवून घेतलं तर त्याला सांग, की या नावावर एका पोरीचा जीव तरलाय."

ती पोरगी घोड्यावर बसून नदीपर्यंत रडत गेली. मी लगाम धरून पुढं चालत होतो, मागं बघितलं नाही.

गाव कायमच्या यादीत गेलं. आणि त्या मात्लाकालानं आणखी एक काम केलं. वर काय लिहिलंन कुणास ठाऊक, पण पुढच्या वर्षी नव्या नोंदवह्या आल्या, त्यात एक रकाना वाढलेला. कागदावरचं नाव, आणि त्याच्या शेजारी, घरातलं नाव. आता डोंगरातल्या यादीतल्या सगळ्या गावांत तीच वही आहे. दूरदूरच्या गावांतल्या बायका पाहुण्यांना नावं देतात आणि सरकारी वहीत लिहितात. आमच्या म्मेच्या चुकीचं सरकारनं धोरण केलं. हे सांगताना माझी छाती फुगते, मग खोकला येतो.

हिवाळ्यात पूल झाला. दोन्ही काठांना लोखंडी खांब, जाड दोर, मध्ये फळ्या. म्मेनं जागा दाखवली. कुठली, ते तुम्हाला कळलंच असेल. आम्ही तीन दिवस बसलो होतो तीच. उद्घाटनाला भाषणं झाली, पोरींनी नाच केला, आणि म्मे घरी स्वयंपाक करत राहिली. म्हणाली, एवढ्या लोकांना कोण वाढणार? मला वाटलं, तिला बघवत नसेल.

आज गावात अकरा घरं पाहुणे घेतात. माझे दोनाचे नऊ घोडे झाले. माझा मुलगा शहरातली चौकीदारी सोडून बायकोला घेऊन घरी आला, आता तोच वाट दाखवतो. सरकारचं काही फार सुधारलं नाही, हे लिहून घ्या. पलंगाची गादी दोन वर्षं मागतोय, ती अजून येतेच आहे, आणि फॉर्म पूर्वीपेक्षा लांब झालेत. पण एका कागदावर कुणीतरी लिहिलं की गोल झोपडी चालेल, आणि त्या एका ओळीनं माझं पोर मला परत मिळालं. मी उपकार मानतो. मानायला उशीर केला, तेवढं माझ्या नावाला शोभत नाही.

आता या जानेवारीचं सांगतो आणि थांबतो.

मुलाला मुलगी झालीय, सात महिन्यांची. दुपारी तिला ताप भरला. संध्याकाळपर्यंत थांबू, असं सून म्हणाली. मी नदीकडे बघितलं. तांबडी, फुगलेली, अख्खं झाड उलटंपालटं होत चाललेलं. मुलगा पाहुण्यांबरोबर डोंगरावर होता. तापलेल्या पोरीला घेऊन मी म्मेच्या दारात जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाली, "दे तिला माझ्या पाठीवर."

ती पंच्याहत्तरीची बाई पोरीला पाठीशी बांधून पुढं, मागं सून, मागं मी. पुलावर आलो. खाली पाणी असं गर्जत होतं की फळ्या थरथरत होत्या. पलीकडे तेच पत्र्याचं छप्पर. म्मे थांबली नाही. दोराला हात लावून चालत राहिली आणि मोठ्यानं मोजत राहिली. एक, दोन, तीन. मला वाटलं, भीती घालवायला मोजतेय. शाळेत पोरांकडून म्हणून घ्यायची तशी, एकेक आकडा नीट उच्चारून.

पलीकडच्या काठावर तिनं पाय टेकला आणि माझ्याकडे वळली. तिचे गाल ओले होते.

"एकशे चार पावलं," ती म्हणाली. "एवढंच होतं, पोत्लाको."

दवाखान्यातल्या नर्सनं औषध दिलं, पाणी पाजलं, घाबरू नका म्हणाली. तिथला बाक लाकडी, भिंतीला टेकून. म्मे पोरीला मांडीवर घेऊन त्यावर बसली, ताप उतरेपर्यंत. मी माझी गवताची टोपी काढून तिच्यापुढं उभा राहिलो. मला आभार मानायचे होते.

"टोपी का काढलीस?" ती म्हणाली. "डोकं भाजलं का? बस इथं. पोर झोपलीय, उठवू नकोस."

मी तिच्या शेजारी बसलो. दिवस मावळायच्या आत आम्ही चौघं पुलावरून घरी परत आलो.